बोडिलची रेघ जुळेना

बोडिलची रेघ चुकली. माझी चुकली तर नवल नाही. तिची कधी चुकत नाही.

रेघ म्हणजे काय, ते सांगते. लाकडाच्या पट्टीला गुण्या, म्हणजे काटकोन मापायचं हत्यार, लावायचा आणि सुरीने आडवी रेघ मारायची. मग पट्टी फिरवायची, रेघ संपली तिथूनच पुढच्या बाजूवर न्यायची. असं चारी बाजूंनी. शेवटी ती निघाली तिथेच येऊन भेटली पाहिजे. नाही भेटली तर कूस, म्हणजे खाचेत बसणारं टोक, तिरकी कापली जाणार आणि खिडकी जन्मात नीट बसणार नाही.

पहिल्या दिवशी बोडिलने मला हेच करायला दिलं होतं. मी नववीतून शाळा सोडलेली, तीही वर्गात खुर्ची फेकून. आमच्या लेमविग गावात कोणी मला दारात उभं करत नव्हतं. हिने दाखला मागितला नाही. पट्टी हातात दिली आणि म्हणाली, "रेघ फिरवून आण." मला आठ दिवस लागले. त्याला आता चार वर्षं झाली. तिला कोणी नावं ठेवली तर मी त्याचे दात घशात घालीन.

एकसष्ट वय. लग्न केलं नाही. मनगटं बैलासारखी. तोंडात कायम एक बारकी सिगार, न पेटवलेली, कारण खाली भुसा. हिवाळ्यातही पहाटे खाडीत बुडी मारून येते आणि मला म्हणते, "तू काय साखरेची आहेस?" हा सुतारकामाचा कारखाना तिच्या बापाचा. बापाला काचबिंदू झाला होता. त्याने दोन वर्षं कोणाला सांगितलं नाही, अंदाजाने काम करत राहिला. शेवटी करवतीने दोन बोटं नेली. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही पाठ फिरवून.

गावच्या सभाघराच्या चौदा खिडक्या करायच्या होत्या. अकरा झाल्या. बाराव्या खिडकीच्या पट्टीवर रेघ सुरीच्या जाडीएवढी चुकली. बोडिलने चष्मा पुसला. परत मारली. परत चुकली.

"गुण्या गेला," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

आमचा गुण्या सरकत्या पट्टीचा. पोलादी पट्टी लोखंडी डोक्याच्या खाचेत सरकते आणि मळसूत्राने आवळायची. खाचेत दोन बारके उंचवटे असतात, त्यांच्यावर पट्टी टेकते. काटकोन सगळा त्या दोघांच्या भरवशावर. आधी तिने फुंकून भुसा काढला. मग गुण्या पारखायची तिची सरळ कडेची फळी घेतली. एक रेघ मारली, गुण्या पालथा केला, त्याच जागी दुसरी मारली. गुण्या खरा असेल तर दोन्ही मिळून एकच दिसते. इथे वर जाऊन फाटली.

"बघ! गुण्याच!" ती हसली. मोडक्या हत्यारावर इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

तिने बारीक कानस घेतली. एका उंचवट्यावर दोन हात मारले, तपासलं. आणखी एक हात, तपासलं. रेघा जुळल्या.

"काय मग, म्हातारी आहे ना अजून कामाची?"

"म्हातारी गेली खड्ड्यात, पट्टी आख," मी म्हटलं. माझाही जीव भांड्यात पडला होता.

नव्या लाकडी पट्टीवर रेघ आधीपेक्षा जास्त चुकली.

तिच्या तोंडातून सिगार पडली. तिने उचलली नाही. "ओवेकडे जा. नवा आण. आणि तपासून घे, तो काहीही गळ्यात मारतो."

ओवेचं हत्यारांचं दुकान बंदरावर.

"काय गं खुर्ची, आज काय फेकायला आलीस?"

"असतील तेवढे गुण्ये काढा. आणि सरळ कडेची फळी द्या."

"स्वयंवर मांडलंयस का?"

पाच निघाले. एकाचं मळसूत्र आवळलं तरी पट्टी डुगडुगत होती. तिघांच्या रेघा फाटल्या. पाचव्याच्या दोन रेघा मारल्या आणि एकच दिसली. पट्टी सरकवून, परत आवळून पाहिलं. तरी एकच.

पुडकं बांधता बांधता ओवे म्हणाला, "बोडिल बरी आहे ना? परवा माझ्या सायकलवर आदळली. म्हणे दिसलीच नाही."

"सायकल वाटेत लावता कशाला?" मी त्याच्यावर खेकसले आणि बाहेर आले.

बोडिलने नवा गुण्या तिच्या फळीवर लावला. रेघा फाटल्या. सकाळी जुन्याच्या फाटल्या होत्या, अगदी तेवढ्याच.

"हाही भिकार," ती म्हणाली आणि परत कानशीकडे हात नेला.

मी गुण्या हिसकून घेतला. प्लायवूडच्या कोऱ्या तुकड्याच्या मशीनवर कापून आलेल्या सरळ कडेला लावला. एकच रेघ. मग मी तिच्या फळीच्या कडेवर पोलादी पट्टी उभी धरली आणि उजेडाकडे केली. मधोमध उजेडाची बारीक फट दिसली. गुण्या खरा होता. जुनाही खरा होता, तो आम्हीच कानस मारून बिघडवला. फळी वाकडी होती. आणि या कारखान्यात मशीननंतरचा शेवटचा रंधा फक्त बोडिल मारते, फळीवर आणि खिडकीच्या प्रत्येक पट्टीवरही.

मला गप्प बसता आलं असतं. ती जेवायला गेल्यावर कड सरळ केली असती तर कोणाला कळलं असतं? पण करवत तिथेच होती, चार पावलांवर.

"बोडिल, फळी वाकडी आहे."

"मी रंधलीय ती."

"हो."

तिने कडेवरून अंगठा फिरवला. हळूहळू. मध्यावर थांबला. मग तळव्याने उजवा डोळा झाकून ती खिडकीकडे बघत उभी राहिली. मी तिच्या डाव्या बाजूला होते.

"सिसेल, हात हलव."

मी हलवला.

"हलव ना गं."

"हलवतेच आहे."

मी हात खाली घेतला, तेही तिला कळलं नाही.

"गाडी काढ," ती शेवटी म्हणाली. "कोणाला सांगू नकोस."

"ओवेला कळलंय बहुतेक."

"मग खाडीतल्या माशांनाही कळलं असेल."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदूच आहे, डावा डोळा बराचसा गेलाय, तो परत येणार नाही. उजवा टिकेल, रोज न चुकता औषध घातलं तर. "टिकेल म्हणजे किती?" बोडिलने विचारलं. बाईंनी आकडा सांगितला नाही.

परत आल्यावर बोडिलने स्वतः सभाघरवाल्यांना फोन केला. अकरा खिडक्या तपासल्या, त्यातल्या सात वाकड्या निघाल्या. "चूक माझी," एवढंच बोलली. आता शेवटचा रंधा मी मारते, करवतही मी चालवते, आणि ती शेजारी उभी राहून शिव्या घालते.

औषध मात्र तिला स्वतःला घालता येत नाही, थेंब गालावर पडतो. सकाळ-संध्याकाळ मी घालते. ती मान मागे टाकते आणि माझी बाही घट्ट धरते.

"पडला का?"

"थांब, हलू नकोस."

"लवकर कर, पोरी."

मी कोपर तिच्या खांद्यावर टेकवते. बाटली काटकोनात धरते आणि थेंब सोडते.