मधलं नाव

नवरा गेल्यावर मी आयर्लंडमधल्या नास गावातलं घर सोडून पुण्याला परतेन असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मीही धरलं होतं. पण नोकरी इथे होती, पुस्तकं इथे होती, आणि निघायचं म्हटलं की आधी त्याचे कपडे आवरावे लागणार होते. ते राहत गेलं.

शेजारच्या बाईंनी सांत्वन वगैरे केलं नाही. एका शनिवारी त्यांनी दार वाजवलं आणि विचारलं, “तुला कॉम्प्युटरवर जुनी कागदपत्रं शोधता येतात ना?” येत होती. पुण्यात मी ग्रंथालयात काम केलेलं होतं. त्यांनी ऐंशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, भाऊ कधीच वारलेला. घराण्यात त्या शेवटच्या. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की आपल्यामागे घराण्यातलं कुणी उरतं का.

आशा एकाच जागी होती. अमेरिका अजून इंग्रजांची वसाहत होती तेव्हा त्यांच्या एका पूर्वजाची धाकटी बहीण पेनसिल्व्हेनियाला गेली होती. त्यांचा ख्रिस्ती पंथ लहान, पण नोंदी ठेवण्यात काटेकोर. तिथल्या नोंदीत ती एकदाच सापडली: पंथाबाहेर लग्न केलं म्हणून नाव काढून टाकलं. नवऱ्याचं नाव-आडनाव तेवढं दिलेलं. त्यानंतर ती कुठेच नाही.

मग दर शनिवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसू लागले. त्या प्रेसमधून कप काढायच्या (कपाटाला मीही आता प्रेसच म्हणते) आणि मी त्या आडनावाची माणसं वेचायची. मृत्युपत्रं, जमिनीचे व्यवहार, थडग्यांचे फोटो. जुळेल तो कागद उजवीकडे, न जुळेल तो डावीकडे. डावीकडचा गठ्ठा वाढत गेला. बाई वाळत चालल्या होत्या. “काही मिळालं?” हे त्या हळूहळू विचारेनाशा झाल्या.

“नसेल झालं तिला मूल,” एकदा त्या म्हणाल्या. “किंवा बाळंतपणातच गेली असेल. तसं असेल तर तसं सांग. मी काही मोडून पडणार नाही.”

मी म्हटलं, अजून बघू. खरं तर मला शनिवार हवे होते.

थंडी संपत आली होती त्या सुमाराची गोष्ट. मी चहा ओतत होते आणि बाई भिंग घेऊन डावीकडचा गठ्ठा उगाच चाळत होत्या.

“हा का टाकलास?”

मी पाहिलं. एका थडग्याचा फोटो होता. आडनाव बरोबर, गावही जवळचं. “त्याच्या बापाचं नाव वेगळं आहे. हे काय, मधे लिहिलंय. पेनसिल्व्हेनियाला गेलेल्या आपल्या त्या मुलीच्या नवऱ्याचं नाव ते नव्हतं.”

बाईंचं स्वतःचं आडनाव असं, की ते पहिलं नाव म्हणूनही चालतं. तेच नाव त्या दगडावर मधे कोरलेलं होतं.

“मधे बापाचं नाव कोण घालतं?”

“आम्ही घालतो. लग्नाआधी बापाचं, मग नवऱ्याचं.”

“देवा. त्याच्याशिवाय टपालसुद्धा येत नाही म्हण की तुला.”

“नाही येत. अजून त्याच्या नावासकटच येतं.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग दगडावरच्या त्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, “अगं, हा बाप नव्हे. ही आई आहे. माहेरचं आडनाव मुलाच्या नावात घालून ठेवलंय तिने.”

मी भिंग घेतलं. आमच्याकडे मुलीचं माहेरचं आडनाव लग्नात पुसलं जातं, माझ्या सासूबाईंचं तर पहिलं नावही बदललं होतं. ते असं मुलाच्या नावात, सगळ्यांच्या देखत, राहू शकतं हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

पुढचं सोपं होतं. त्या माणसाच्या मृत्युपत्रात थोरल्या मुलीचं नाव आजीचंच, म्हणजे पेनसिल्व्हेनियाला गेलेल्या त्या बहिणीचंच निघालं. तिथून खाली येत येत ओहायोतल्या एका निवृत्त शिक्षिकेपर्यंत पोचलो. तिला काय लिहायचं ते बाईंनी सांगितलं, मी टाइप केलं.

उत्तर आलं ते शनिवारी नव्हे, मधल्याच वारी. मी कामावरून आल्या आल्या कोट न काढता शेजारी गेले आणि फोनवरून वाचून दाखवलं. आमच्या घरात प्रत्येक पिढीत एका मुलाला ते मधलं नाव देतात, त्या शिक्षिकेने लिहिलं होतं. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. पुढे लिहिलं होतं, माझ्या नातवाचं तेच आहे.

“पुन्हा वाच,” त्या म्हणाल्या. मी वाचलं. मग त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचत राहिल्या, ओठ हलवत. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “तू जा आता. मला जरा बसू दे यांच्याबरोबर.”

फोन त्यांच्याकडेच ठेवून मी निघाले. त्या घरातून चहा न घेता निघायची माझी पहिलीच वेळ. दोन घरांच्या मधे गवताचा लहानसा पट्टा आहे, तो ओलांडून आत आले, कोट काढला, आणि शनिवारी आता काय करायचं ते मला सुचेना.