आत्याच्या खोलीतला कोलू

दादाला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. आधीच सांगून टाकते, शेवटी साळसूदपणा नको.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. खुब्याचं ऑपरेशन होऊन आत्या चेन्नईच्या इस्पितळात होती. डॉक्टर म्हणाले, "आमचं काम झालं. घरी न्या, चालवा, नाहीतर अंथरुणालाच खिळतील." घर दादाचं, नुंगंबाक्कमला. मी नोकरीपायी लेडीज हॉस्टेलवर राहणारी भाची, तिथे पाहुणीला मज्जाव. वृद्धाश्रमांना फोन केले, तर स्वतःच्या पायाने चालणारं माणूसच घेतो म्हणे! चालता येत असतं तर फोन कशाला केला असता?

दादाचं रोज एकच. "अगं, तिच्या खोलीत कोलू मांडलाय. दसरा होऊ दे, लगेच आणतो."

कोलू म्हणजे तिकडचं नवरात्र. पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या, बायकांना बघायला बोलवायचं. दसऱ्याला एक बाहुली आडवी निजवली की कोलू संपला, तोवर हलवायचा नाही. बाहुल्या आत्याच्याच, तंजावरच्या सासूने दिलेल्या. बाहुल्यांना खोली आहे आणि बाईला नाही! तिच्या पाठीवर लाल चट्टे उठले. तिच्या खाटेसाठी बाहेर पेशंट सतरंजीवर ताटकळत होते, नर्स तिच्याशी तुटक बोलू लागली. आत्या म्हणाली, "मी अडगळ झाले गं." तेव्हा माझं टाळकं सरकलं.

पाचव्या माळेला मीच सही केली, अँब्युलन्स केली. संध्याकाळ मुद्दाम निवडली. घर बायकांनी भरलेलं, सुंडलच्या, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीच्या, वाट्या फिरत होत्या. चाकाची खुर्ची बघून वहिनी पांढरीफटक पडली.

"अगं, निदान फोन तरी करायचास!"

"रोज करत होते, वहिनी. डॉक्टरांनी सोडून चार दिवस झाले. दादा म्हणतो, आईला खोली रिकामी नाही." हेच मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये पुन्हा मोठ्याने सांगितलं, कोणी ऐकायचं राहायला नको. बायका खाली बघू लागल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दादा पुटपुटला, "आई, चारपाच दिवसांचा प्रश्न होता. कोलू मध्येच कसा मोडायचा?"

आत्या मला म्हणाली, "खुर्ची पुढे घे." खालच्या पायरीवरची लाकडी बाहुली तिने उचलली आणि सगळ्यांदेखत आडवी निजवली.

"संपला कोलू," ती म्हणाली. "आता माझी गादी घाल."