बालीतली बोलणी

पुणतांब्याहून निघालेली जीप शिर्डीच्या विमानतळावर पोहोचेपर्यंत मी आईला बालीचे शिष्टाचार पढवत होते. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. बोट दाखवायचं नाही. डाव्या हातानं काही द्यायचं नाही.

"आपल्यात तरी कोन देतं गं डाव्या हातानं?" आई म्हणाली. "मास्तरीन झालीस म्हनून मलाबी शिकिव आता."

माझी काळजी उगीच नव्हती. धाकटा भाऊ नितीन बालीतल्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे आणि त्याला तिथल्याच वायानशी लग्न करायचंय. वायान एकुलती एक. अशा वेळी तिकडे जावई मुलीच्या घरी नांदायला जातो आणि त्या घरच्या देवांचं सगळं पुढे तोच चालवतो. आमच्या गावात अशा माणसाला घरजावई म्हणतात, आणि तो शब्द कुणी कौतुकानं उच्चारत नाही. आईच्या होकाराशिवाय नितीन लग्न करणार नव्हता. आईचं एकच, "मानसं बगते, मग बोलते."

बालीच्या विमानतळावरून नितीनबरोबर वायानच्या गावाकडे जाताना दोन्ही बाजूंना भाताची हिरवीगार खाचरं आणि मधून खळखळणारे पाट. "पानी लई हाय बाई यांच्याकडं," आई म्हणाली. तिच्या आवाजात थोडा हेवाच होता. दारोदारी जमिनीवर चनांग (पानाच्या परडीत देवाला ठेवलेली फुलं) होते. मी सांगायच्या आधीच आई लुगडं सावरून त्यांना वळसा घालून चालू लागली.

"ओम् स्वस्त्यस्तु," वायानच्या आजीनं हात जोडून स्वागत केलं. आईनं तितकेच मनापासून हात जोडले. मी सुटकेचा श्वास सोडला, तोच वायान पुढे आली आणि आईला राहवलं नाही. तिनं वायानच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली.

आजीचा चेहरा आक्रसला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"चुकलं माझं," आई सरळ म्हणाली. "आमच्यात नजर लागू नये म्हनून आसं करत्यात. सांग त्यास्नी." नितीननं सांगितलं. आजीनं चटईवर जागा करून आईला शेजारी बसवलं.

मग कॉफी आली. यजमान 'घ्या' म्हणेपर्यंत पेल्याला हात लावायचा नसतो, हे आईला बजावणारी मीच घोट घेऊन मोकळी झाले. आई माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसली.

जेवणात भात आणि सांबाल (मिरचीची चटणी) होती. सगळे हातानंच जेवत होते, त्यामुळे आई खुशीत होती. जेवण झाल्यावर तिनं देव बघायला मागितले. अंगणाच्या कोपऱ्यात छोटी छोटी देवळं होती. आजी वाकून एकेका देवळापुढे फुलं ठेवत होती, मध्येच कंबर धरून थांबत होती. आई ते बराच वेळ बघत राहिली.

परत आल्यावर वायानच्या वडिलांनी हळू आवाजात नितीनला काहीतरी विचारलं. नितीननं खाली मान घालून मराठीत सांगितलं, "आई, ते विचारतात, तुझं काय म्हणणं आहे?"

"त्यास्नी म्हनावं, माज्या देवांना दिवा लावायला ह्याचा थोरला भाऊ हाय. तुमच्या देवांना कोनीच न्हाई. घ्या ह्याला." आईनं नितीनच्या पाठीवर हात ठेवला. "फकस्त वर्साला एकदा माज्याकडं धाडा. लेकी येत्यात तसा."

नितीन सांगू लागला आणि अर्ध्यावर थांबून डोळे पुसू लागला. उरलेलं, त्याच्याकडून मराठी शिकलेल्या वायाननं सांगितलं. आजीनं आईचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मी आयुष्यभर मुलांना शिष्टाचार शिकवले. त्या अंगणात आईकडे बघताना मात्र माझा ऊर अभिमानानं भरून आला.

पुणतांब्यात जीपमधून उतरतो न उतरतो तोच शेजारच्या काकूंनी गाठलं. "काय ओ वैनी, सून कवा आनताय?"

मी काहीतरी गोलमोल उत्तर शोधत होते. आईनं पदर सारखा केला.

"सून न्हाई आनायची. पोरगा दिलाय त्यास्नी," ती साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "लई चांगल्या घरी दिलाय. या चहाला, सांगते."