भरीत खाऊन मिटवलेलं भांडण

भांडण मिटवण्यात अक्कांचा हात कोणी धरू शकत नाही, असं आमच्या डाळमिलमध्ये सगळे म्हणायचे आणि मला ते ऐकायला फार गोड लागायचं. जळगावच्या त्या मिलच्या ऑफिसात माझं निम्मं आयुष्य गेलं. हमालांपासून शेठपर्यंत सगळ्यांची मी अक्काच. कोणाचं वाजलं की माझं औषध ठरलेलं: दोघांना समोरासमोर बसवायचं, खाऊ घालायचं आणि कोण चूक, कोण बरोबर हे उकरायचं नाही. उकरलं की घाण वर येते, म्हणायची मी. मोठी शहाणी!

माल तपासायला आमच्याकडे एक बाई होती. तिशीची, एका मुलीची आई, चाळीसगावहून रोज गाडीने येणारी. तुरीचा ट्रक आला की पोत्यांतून नमुना काढायचा, यंत्रावर ओलावा बघायचा, आकडा चिठ्ठीवर लिहून सही करायची. तिची सही नसेल तर ट्रक खाली होत नसे. खरेदी बघणारे भाऊ वयाने मोठे, शेठच्या वडिलांच्या काळापासूनचे. ते बाहेर व्यापाऱ्यांना शब्द देऊन बसायचे आणि ही ओला माल परत पाठवायची. एकदा भर आवारात, ड्रायव्हर लोकांसमोर ते तिच्यावर ओरडले, "दोन बुकं शिकली म्हणून मला शिकवते का? गाड्या तू परत धाडायच्या आणि शिमगा माझ्या नावाने!"

ती तशीच माझ्याकडे आली. "अक्का, ओरडले त्याचं काही नाही. पण ते म्हणतात, मी सांगेन तोच आकडा लिही. मी काय करू?"

हे तिने मला स्पष्ट सांगितलं होतं आणि मी ते दोन्ही कानांनी ऐकलं होतं. तरी म्हटलं, "अगं, ते तोंडाने फाटके आहेत, मनाने नाहीत. थोडं सांभाळून घे. शनिवारी शेतावर भरीत आहे ना, तिथे बघू."

हिवाळ्यात भरताची पार्टी झाली नाही तर आमच्याकडे हिवाळा आला असं कोणाला वाटत नाही. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, मिरच्या-लसूण घालून ठेचली, पंगत बसली. मी भरताचं पातेलं तिच्या हातात दिलं. "तू लहान, तू आधी वाढ भाऊंना." ती नुसती उभी राहिली. सगळे बघायला लागले. शेवटी तिने वाढलं. "मनी बहीणच शे ती," असं तिला बहीण म्हणत भाऊंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि एक म्हातारा हमाल ओरडला, "चला, बठ्ठं मिटी गयं!" सगळं मिटलं म्हणून टाळ्या पडल्या. मी तर अशी फुगले होते की विचारू नका. ती जेवली नाही, हे मला दिसलं. गाडीची घाई असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्यानंतर ट्रक परत जायचे बंद झाले. मला वाटलं, झाली गोडी.

महिन्याभराने गोदामातली पोती हाताला गरम लागायला लागली. उघडली तर तूर बुरसलेली, वास सहन होईना. शेठनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. भाऊंनी चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. "सही तिची आहे." ती म्हणाली, "आकडे यांनी सांगितले. मी अक्कांना बोलले होते." शेठ माझ्याकडे वळले. "अक्का, हिने तक्रार केली होती?"

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न मलाच होता: मग तुम्ही काय केलं? ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "थोडी कुरबूर होती, शेठ. पण ती शेतावरच मिटली."

दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नको म्हणून सांगितलं.

माझा कशात जीव लागेना. एका रविवारी मी चाळीसगावला तिच्या घरी गेले. तिने पाणी दिलं, चहा दिला. मी रडायला लागले तर म्हणाली, "अक्का, रडून माझं काय होणार? धुळ्याला एका मिलमध्ये बोलणं चाललंय. ते आपल्या शेठना फोन करून विचारतीलच. त्याआधी तुम्ही शेठना खरं सांगा. नोकरी परत नको मला, फक्त खरं सांगा."

"सांगते," म्हटलं.

"कधी?"

"उद्याच. गेल्या गेल्या."

रात्रभर वाक्यं जुळवली. शेठ, चूक माझी आहे. तिने मला सांगितलं होतं, मी दाबलं. सकाळी ऑफिसात पर्स ठेवली ती तडक केबिनकडे गेले. आत भाऊ बसलेले, शिवाय दोन नवीन पोरं, त्याच दिवशी कामाला लागलेली. शेठ हसत म्हणाले, "या अक्का, शंभर वर्षं आयुष्य! तुमचंच सांगत होतो यांना. मिलमध्ये काही भांडणतंटा झाला तर सरळ अक्कांकडे जायचं." पोरं आदबीने उठून उभी राहिली. भाऊ माझ्याकडे बघून हसले.

"काही काम होतं का?" शेठनी विचारलं.

मी म्हटलं, "नाही, चहा सांगू का, एवढंच विचारायला आले."