हजेरीच्या कागदावरची सही

ऐरोलीतल्या एका औषध-संशोधन कंपनीच्या नैतिकता समितीवर मी तीन वर्षं बाहेरचा सदस्य होतो. समितीत विज्ञानाबाहेरचा एक माणूस लागतो, म्हणून बातमीदारीतून निवृत्त झाल्यावर मला बोलावलं होतं. बैठक दुपारी, जेवणाला जोडून असायची. दारातच सचिव हजेरीचा कागद पुढे करायचे. त्याचा वरचा भाग कोरा असायचा. सही करून आत जायचं.

त्या दिवशी एकच प्रस्ताव होता. नव्या औषधांतून विषारी रेणू वगळणारा संगणकीय प्रोग्राम कंपनीला सर्वांसाठी खुला करायचा होता. अर्जात प्रश्न होता : या कामाचा गैरवापर होऊ शकतो का? उत्तर होतं, नाही. हा अर्ज मधुमेहाच्या एका जुन्या अर्जावरून उतरवला होता. रुग्णांना उपाशीपोटी बोलावण्याची सूचनाही त्यात तशीच राहिली होती.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी एक मुलगी उठली. जवळच्या दिवाळे गावातली, कंत्राटावरची. तिने सांगितलं, की अट उलटी केली तर हाच प्रोग्राम फक्त विषारी रेणू शोधून देतो. तिने एकदा तसं करून पाहिलं होतं आणि आलेली यादी पुसून टाकली होती. मागणाऱ्याची ओळख तपासूनच प्रोग्राम द्यावा आणि आपला आक्षेप इतिवृत्तात नोंदवावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. तिचं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. ते वाढवणारे विभागप्रमुख समोर बसले होते.

"अगं, सुरीने भाजीपण कापतात," ते म्हणाले. "सुऱ्यापण बंद करायच्या का?"

सगळे हसले. आक्षेप नोंदवा, असं मी सांगितलं. सचिव म्हणाले, नोंदवतो सर, टेन्शन नको. मग जेवण आलं. मीही जेवलो.

दहा दिवसांनी इतिवृत्त हाती पडलं. प्रस्ताव सर्वानुमते मंजूर. आक्षेपाबद्दल एक शब्द नाही. शेवटी तोच हजेरीचा कागद जोडला होता; कोऱ्या जागेत आता 'मान्यता' असं छापलेलं होतं. सचिवांना विचारलं, तर त्यांनी सहज सांगितलं, की इतिवृत्त आदल्या दिवशीच टाईप होतं, सगळ्यांच्या सोयीसाठी. मी तीन वर्षांच्या फायली मागवल्या. प्रत्येक मंजुरीखाली माझी सही होती. मला त्या लोकांची किळस आली, आणि स्वतःची जास्त.

सही मागे घेण्याचं पत्र मी दिलं. तशी तरतूद नसल्याचं उत्तर आलं.

त्या मुलीचा फोन आला, तेव्हा तिला खरं ते सांगितलं.

"तुमी तर पेपरवाले ना, सर? कोऱ्या कागदावर सही करता?"

तिचं कंत्राट वाढलं नाही. प्रोग्राम त्याच आठवड्यात खुला झाला. मी ते पान उघडून पाहिलं. नाव विचारलं नाही, काम विचारलं नाही. बटण दाबलं आणि प्रोग्राम माझ्या संगणकावर उतरू लागला. बटणाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : नैतिकता समितीने एकमताने मान्य केलेला.