सूर्यफुलाची वजाबाकी

वहिनीला वहिनी केलं ते तिच्या नवऱ्याच्या दोस्तांनी. नवरा प्रयोगशाळेत इलेक्ट्रिशियन. लग्नानंतर ती तिथेच गेटवर पास द्यायला लागली, तेव्हा सगळे वायरमन तिला वहिनी म्हणायचे. त्यांचं ऐकून ड्रायव्हर म्हणायला लागले, मग ग्रंथपाल, मग शास्त्रज्ञ, आणि शेवटी मोठे साहेब, म्हणजे खुद्द संचालक. साहेब तिच्या वडिलांपेक्षाही वयाने मोठे, पण तेही दारातून डोकं बाहेर काढून "वहिनी, जरा येता का?" असंच म्हणतात. बाहेरगावचा एखादा प्राध्यापक आला की बिचारा दिवसभर विचारात पडतो, की या बाई नक्की कोणाच्या वहिनी.

आता ती गेटवर नाही. जिन्याच्या आणि स्टोअर रूमच्या मधे एक टेबल आहे, शेजारी कोणीही दुरुस्त करत नाही असा एक प्रिंटर आहे, आणि वर पाटी आहे: खुला डेटा कक्ष. कक्ष म्हणजे वहिनी आणि टेबल. प्रिंटर धरायचा तर धरा.

काम काय, तर ऐका. प्रयोगशाळेच्या खाली एक लांबलचक बोगदा आहे. त्यात अणूपेक्षाही बारीक कण एकमेकांवर आपटतात, फुटतात, आणि त्यांचे तुकडे कुठेकुठे उडाले याची नोंद यंत्रं ठेवतात. हा झाला डेटा. शास्त्रज्ञ तो काही वर्षं चावून चावून चोथा करतात आणि मग साइटवर जगासाठी खुला ठेवतात. ज्याला हवा त्याने न्यावा, आपला ईमेल तेवढा टाकावा. चोथा म्हणा, पण त्यात अजून पुष्कळ रस असतो, असं वहिनीचं ठाम मत. कोणी अडलं तर त्याला उत्तर लिहायचं आणि किती जणांनी नेलं ते मोजायचं, हे तिचं काम.

सासूबाईंनी हे एकदा नीट समजून घ्यायचा प्रयत्न केला होता.

"म्हणजे फुकट वाटायचं, आणि कोणी नेलं ते मोजायचं. एवढंच ना?"

"एवढंच, आई."

"मग रोज एवढी दमून कशी येतेस?"

त्यानंतर सासूबाईंनी विषय काढला नाही, आणि सुनेनेही नाही.

तर अशा या कक्षात एके दिवशी मोठे साहेब स्वतः जिना उतरून आले. साहेब जिना उतरले म्हणजे काहीतरी बिघडलेलं असतं.

"वहिनी, पुढच्या महिनाअखेरीला समिती येतेय. आपल्या खुल्या डेटाचा जगाला उपयोग काय, ते विचारणार. प्रभाव दाखवा म्हणतात."

"आणि नाही दाखवता आला तर?"

"तर साइट बंद. डेटा तळघरातल्या कपाटात." साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. खिडकीतून गेट दिसत होतं. "आणि तुम्ही... म्हणजे तिथेही चांगल्या माणसाची गरज असतेच."

गेटवर वहिनीने इतकी वर्षं काढली होती, की झोपेतसुद्धा "इकडे कॅमेऱ्यात बघा" म्हणायची. या टेबलावर मात्र कुठकुठली माणसं तिला लिहायची. एका शाळामास्तरांनी लिहिलं होतं की तुमची टकरींची चित्रं बघून माझ्या वर्गातली मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी राहिली. ते पत्र वाचून ती दिवसभर हवेत होती. तिला हे टेबल सोडायचं नव्हतं. बाकी समिती काय म्हणेल ते म्हणो.

त्या संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून जरा रडली. नळ सोडून रडली, म्हणजे कोणाला ऐकू जाऊ नये.

पण प्रभाव मोजायचा कसा, हीच तर ग्यानबाची मेख होती. शास्त्रज्ञ लोक हा डेटा नेतात, त्यावर निबंध लिहितात, शेवटी बायकोचे आभार मानतात, गुरूंचे मानतात, एकाने तर आपल्या मांजराचे मानले होते. डेटाचं नाव नाही. भाजी चांगली झाली की लोक हाताची चव म्हणतात, मिठाला कोण विचारतं? मग उरला एकच मार्ग, डाउनलोड मोजायचे. आणि नेमकी समिती यायची त्या दिवशीच साइट बंद पडली तर शोभा व्हायची, म्हणून वहिनीने कॉम्प्युटर विभागातल्या दाढीवाल्या भावोजींना गाठलं. "भावोजी, साइट नीट चालतेय ना, यावर जरा डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा." भावोजी म्हणाले, "निश्चिंत राहा."

पुढच्याच आठवड्यात आकडा उसळला. आणि उसळला तो उसळतच राहिला. साहेबांनी आलेख छापून कॉरिडॉरमध्ये लावला. रेघ कागदात मावेना, म्हणून वर दुसरा कागद चिकटवला, मग तिसरा, शेवटी स्टूल आणावं लागलं. येणाजाणारे थांबून बघायचे. साहेब म्हणायचे, "हा जगाचा प्रतिसाद," आणि तो त्यांनीच दिलेला असावा अशा थाटात पुढे चालू लागायचे. घरी वहिनीने आकडा सांगितला तेव्हा सासूबाईंनी भुवया उंचावून नुसतं "एवढे?" म्हटलं आणि टॅबलेटवर पत्ते खेळायला परत खाली मान घातली. का कोण जाणे, त्यांचा चेहरा जरा पडल्यासारखा दिसला.

वहिनीला एका भक्ताला आभाराचं पत्र लिहायचं होतं. कारण बघितलं तर बहुतेक सगळे डाउनलोड एकाच ठिकाणाहून होत होते, सारखी तीच फाइल, दिवसरात्र, सुट्टी नाही की जेवण नाही. केवढा हा ध्यास, तिला वाटलं. ईमेलच्या रकान्यात नुसते आकडे होते, म्हणून तिने भावोजींना पत्ता शोधायला सांगितलं.

भावोजींनी बघितलं. मग पुन्हा बघितलं. मग दाढी खाजवली.

"वहिनी, हा आपल्याच इमारतीतला पत्ता आहे."

"कोण आहे?"

"जिन्याखालची खोली. तिथे माणूस नसतो. तुम्ही साइटवर लक्ष ठेवा म्हणालात ना, म्हणून मी एक मशीन लावून ठेवलंय. ते दर थोड्या वेळाने सगळ्यांत मोठी फाइल उतरवून बघतं, नीट येते की नाही. आली की टाकून देतं आणि पुन्हा उतरवतं."

जगाचा प्रतिसाद जिन्याखाली राहत होता. आणि त्याला तिथे वहिनीनेच आणून बसवलं होतं.

तशीच ती साहेबांना सांगायला गेली. आधी साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. कॉरिडॉरमधला तो भिंतभर कागद त्यांच्या डोळ्यांसमोर आला असावा. पण माणूस हाडाचा शास्त्रज्ञ. थोड्या वेळाने ते सावरले आणि चक्क खूश दिसायला लागले.

"वहिनी, आम्ही आयुष्यभर हेच तर करतो. टकरींमध्ये गोंगाटच फार असतो. तो वजा करायचा. शिल्लक राहतं ते खरं. आणा तो डेटा."

अख्खी दुपार दोघं वजाबाकी करत बसले. आपलं मशीन वजा. सगळ्या साइटी चाळत फिरणारी यंत्रं वजा. चुकून आलेले वजा. आपल्याच प्रयोगशाळेतले लोक वजा, कारण आपलीच पाठ आपण थोपटून घेण्यात काय अर्थ? शेवटी जे उरलं ते साहेबांनी टेबलावर हात आपटून दाखवलं, "हे बघा, हे खरं!" वहिनीने बघितलं. एका बाकावर मावतील एवढी माणसं उरली होती.

त्या सगळ्यांना तिने पत्र पाठवलं. ऑफिसच्या भाषेत, कडक: "आपण आमच्या डेटाचे काय केले, ते कृपया त्वरित कळवावे."

उत्तरं आली. शाळामास्तरांनी वर्गाचा फोटो पाठवला. एक पडदेवाला होता, तो टकरींच्या रेघांची नक्षी कापडावर छापत होता आणि ती म्हणे फार खपत होती. एक जण इंटरनेटचा वेग तपासायला इथली मोठी फाइल वापरत होता, प्रामाणिकपणे कबूल केलं त्याने. एका मुलीचं उत्तर लांबलचक होतं. तिच्या देशात असं यंत्र नाही, बोगदा नाही, काही नाही. तिचा सगळा प्रबंध या डेटावर उभा होता. "तुमचं नाव कुठे लिहायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नाही," असं तिने लिहिलं होतं. वहिनीने ते पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

फक्त एकाचं उत्तर येईना. नाव लिहिलं होतं नुसतं "सूर्यफूल". मोठ्या फाइलींना हात नाही, पण चित्रांची छोटी फाइल रोज न्यायचं. रोज एक. आणि पत्ता याच शहरातला. साहेबांची कळी खुलली. "इतका नेम! हा खरा संशोधक. वहिनी, याला शोधा, समितीसमोर उभा करू." वहिनीने आणखी कडक पत्र पाठवलं. सूर्यफूल गप्प.

शनिवारी अर्धा दिवस होता. वहिनी दुपारीच घरी आली. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, चष्मा नाकावर, टॅबलेट मांडीवर. तिला बघताच त्यांनी तो झटकन पालथा केला. पण तिला दिसायचं ते दिसलं. काळ्या गोलात चारी बाजूंना फुटलेले रंगीत दोरे. ते चित्र ती झोपेतही ओळखेल.

"आई, हे काय?"

"पत्ते."

"पत्ते असे नसतात."

सासूबाई म्हणाल्या, "बरं, नाहीत पत्ते. परत करते सगळं. जपून ठेवलंय, एकही टाकलेलं नाही."

"परत?"

"दोन पत्रं आली तुमच्या ऑफिसची. काय केलंत, त्वरित कळवा. असं विचारतात का कोणाला? मी दोन दिवस धड जेवले नाही. कोण लिहितं गं असली पत्रं?"

वहिनीने ते सांगितलं नाही. तिने विचारलं, "सूर्यफूल म्हणजे तुम्ही?"

"टॅबलेटच्या दुकानदाराने ईमेल काढून देताना नाव विचारलं, समोर कॅलेंडरवर सूर्यफूल होतं. खरं नाव कशाला द्यायचं त्याला?"

"पण नेत कशाला होतात रोज?"

"तू त्या दिवशी नळ सोडून रडलीस," सासूबाई म्हणाल्या. "नळाच्या आवाजात रडणं मला ऐकू येतं, मी पण या घरात सून होते. नेणारी माणसं कमी पडतायत, असं तुझ्या नवऱ्याने सांगितलं. म्हटलं, मग मी नेते. मला कुठे कामं आहेत?"

"रोज?"

"तू रोज मोजतेस ना?"

सासूबाईंनी टॅबलेट सुलटा केला.

"आधी तुझ्यासाठीच नेत होते. मग सवय लागली. हे दोन बघ, एकमेकांकडे पाठ करून चाललेत, ही भांडून वेगळी झालेली भावंडं. आणि हा एकटाच आतल्या आत वळत बसलाय, हा लाडोबा. का गं वळतो हा?"

इतक्या वर्षांत सासूबाई तिच्या कामाबद्दल दुसऱ्यांदाच विचारत होत्या. वहिनी त्यांच्या पायाशी बसली आणि सांगायला लागली. तिथे मोठं चुंबक असतं, जोरात निघालेला कण त्याला फारसा बधत नाही, अशक्त असतो तो वळत वळत आत येतो. "बघ, म्हणजे लाडोबाच," सासूबाई म्हणाल्या. चहा कधी गार झाला ते दोघींनाही कळलं नाही.

सोमवारी ती साहेबांकडे गेली. "साहेब, सूर्यफूल सापडलं."

"वा! कुठे असतो?"

"आमच्या घरी. माझी सासू आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "घरचं माणूस," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम, वहिनी."

तिलाही ते ठाऊक होतं. तिने सूर्यफुलावर काट मारली. मारताना तिला फार वाईट वाटलं.

समिती आली. अध्यक्षबाई पिकल्या केसांच्या, आधी दोन विभाग बंद करून आलेल्या. वहिनीने काही लपवलं नाही. जिन्याखालच्या भक्ताची गोष्ट सांगितली तेव्हा एक सदस्य हसता हसता खोकायला लागले. मग उरलेली माणसं एकेक करून सांगितली, पडदेवाल्यासकट. प्रबंधवाल्या मुलीचं पत्र वाचून दाखवलं. नाव न घेता डेटा वापरणाऱ्यांचीही उदाहरणं तिने दिली आणि चाचरत म्हणाली, "यात आमचे साहेबही आहेत, गेल्या वर्षीच्या निबंधात." साहेब छताकडे बघत राहिले.

अध्यक्षबाईंनी कागदावर बोट ठेवलं. "ही शेवटची काट कसली?"

"सासू आहे माझी. घरची, म्हणून वजा केली."

"त्यांनी काय केलं डेटाचं?"

"बघितला. रोज. आणि आतला दोरा का वळतो ते विचारलं."

"माझ्या सासूबाई गेल्या, पण मी काय करते ते त्यांनी कधी विचारलं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि मीही कधी सांगितलं नाही. ती काट खोडा."

साइट राहिली, टेबल राहिलं. पुढच्या खेपेला नुसते आकडे नकोत, माणसांना विचारा, आणि जरा गोड भाषेत विचारा, एवढं समितीने लिहून दिलं. वहिनीने घरी येऊन सगळं भरभरून सांगितलं. पण सासूबाईंनी त्यातला एकच शब्द उचलला.

"मला वजा केलंस?"

"अहो आई, नंतर परत धरलं ना!"

"ते त्या बाईंनी धरलं. तू वजा केलंस." आणि त्या आत निघून गेल्या. रात्री जेवताना त्यांनी मीठसुद्धा मुलाकडून मागून घेतलं, सुनेकडून नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीने ऑफिसात आल्याआल्या स्क्रीन बघितला. शाळामास्तर होते. पडदेवाला होता. सूर्यफूल नव्हतं. दुपार झाली, तरी नव्हतं. समिती जिंकूनही तिचं कामात लक्ष लागेना. शेवटी तिने फोन लावला.

"आई, आज नेलं नाहीत?"

"कशाला नेऊ? वजाच करणार तू."

"नाही करणार."

"तुमचा नियम आहे ना?"

"असू दे. तुमच्याशिवाय माझी बेरीज जुळत नाहीये, आई. चुकलं माझं."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. वहिनी स्क्रीनकडे बघत बसून राहिली. दाढीवाले भावोजी काहीतरी विचारायला आले, तिने हाताने थांबा म्हटलं. थोड्या वेळाने यादीच्या तळाशी एक नवी ओळ आली. सूर्यफूल, चित्रांची छोटी फाइल. आणि तिच्याखाली लगेच आणखी एक, बहुधा वजा केल्याची भरपाई म्हणून.