नर्सबाईंचा रविवार

ही गोष्ट मी गेली कित्येक वर्षं टाळत आलो. टाळण्याची कारणं वेळोवेळी बदलली. कधी चष्म्याचा नंबर, कधी मोतीबिंदू, कधी ‘गेलेल्या माणसाबद्दल काय लिहायचं’ असा मोठेपणा. खरं कारण एकच होतं. या गोष्टीत मी फार वाईट दिसतो, आणि छत्तीस वर्षं गावोगावच्या पोरांना ‘नेहमी खरे बोलावे’ हे फळ्यावर लिहून दाखवलेल्या माणसाला ते परवडत नाही. पण आता पंचाहत्तरी उलटली. आता चांगलं दिसून तरी कुणाला दाखवायचं?

तर सांगतो. पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या आमच्या वाड्यांना देवानं आठवड्याचे सहाच दिवस दिले होते. सातवा दिवस नर्सबाईंनी खालून पिशवीत घालून चढवून आणला.

नर्सबाई ख्रिस्ती होत्या. मूळच्या देशावरच्या. तिकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात आयुष्यभर बाळंतपणं करून निवृत्त झाल्या आणि का कोण जाणे, पोलादपुरात दोन खोल्या घेऊन राहिल्या. लग्न केलेलं नव्हतं. अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की खालच्या वळणावर खोकल्या तर वरच्या वाडीतली कोंबडी उठावी. बाराही महिने हातात छत्री, एका खांद्याला वजनाचा काटा, दुसऱ्या खांद्याला पिशवी. पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र, लोहाच्या गोळ्या, उकडलेली अंडी आणि त्यांचं शास्त्र, म्हणजे बायबल. वाडीत पोटुशी बाई आहे असं कळलं की त्या हजर. कुणी बोलवायची वाट बघत नसत, आणि कुणी ‘नको’ म्हटलं तर ते त्यांना ऐकू येत नसे. घरात शिरल्या की दिसेल त्याला काट्यावर उभं करत. मला एकदा केलं, काट्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “गुरुजी, या घरात नक्की कुणाला दिवस गेलेत?”

दिवस आमच्या सुनेला गेले होते. मुलगा मुंबईला नोकरीला. शिमग्याला आणि गणपतीला तेवढा यायचा. घरात मी, गुडघ्यांनी बसलेली माझी बायको आणि ही पहिलटकरीण. त्यामुळे नर्सबाईंचा सगळा उपदेश झेलायला पुरुषमाणूस म्हणून मी एकटाच सापडलो. मात्र त्या मला थेट काही सांगत नसत. मला सांगायचं ते त्या देवाला सांगत, डोळे मिटून, मोठ्यानं, मी समोर बसलेला असताना. आमच्याकडे पुरुष आधी जेवायचे, मग सासू, मग उरलंसुरलं सून. नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी पहिलं ताट सुनेपुढं ठेवलं आणि हात जोडले, “हे प्रभू, या अन्नाला आशीर्वाद दे. आणि या घरातल्या पुरुषाला अर्धा तास भूक आवरायचं बळ दे. तो मास्तर आहे, त्याला सवय नाही.” मी तोंडाजवळ आणलेला पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

माझ्या बायकोचं मत, पोटुशीनं भरपेट जेवलं की मूल मोठं होतं आणि अडतं. तिच्या सासूनं तिला हेच सांगून अर्धपोटी ठेवलं होतं. “बाई, आमच्यात थोडं थोडंच देतात,” ती म्हणाली. नर्सबाई म्हणाल्या, “अहो, माझ्या प्रभूनं पाच भाकरींत पाच हजार माणसं जेवू घातली. तुम्हाला एक सून जेवू घालता येईना?” त्या दिवसापासून नाचणीची भाकरी, कुळिथाचं पिठलं, माठाची भाजी आणि रोज एक अंडं सुरू झालं. गोळी कडू लागते म्हणून सून तोंड वाकडं करायची, तर तिच्यासाठी वेगळी प्रार्थना होती, “प्रभू, चव तुझ्या हातात नाही हे मला माहीत आहे. पण तिचा घसा उघड.” सून हसायची आणि हसता हसता गोळी गिळायची. शरीर हे देवाचं घर आहे, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत. घर देवाचं असलं तरी झाडलोट माणसानंच करायची असते, हेही लगेच जोडत. त्यांच्यात भक्ती आणि साबण या वस्तू एकाच कप्प्यात असायच्या.

आणि मग तो रविवार. नर्सबाईंनी जाहीर केलं की देवानं सहा दिवसांत जग घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, “आणि त्याला तर पाचवा महिनाही नव्हता!” म्हणून पोटुशीनं रविवारी हंडा उचलायचा नाही, लाकडं आणायची नाहीत, शेणात हात घालायचा नाही. “मग पाणी कोण आणणार?” मी विचारलं. नर्सबाईंनी डोळे मिटले. मला उत्तर कळलं.

आमचा झरा वाडीच्या खाली, पाऊण मैल उतारावर. फाल्गुनातल्या एका रविवारी मी, निवृत्त मुख्याध्यापक, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, डोक्यावर हंडा घेऊन निघालो. झऱ्यावर बायका बसलेल्या. मग एक म्हातारी म्हणाली, “गुरुजी, चुंबळ घ्या खाली. नायतर टकलावरनं सरकंल हंडा.” मी घरी पोचेपर्यंत अर्धं पाणी सदऱ्यात होतं. वाटेत देवळाच्या ओट्यावर पुरुषमंडळी बसलेली. “काय गुरुजी, आज आंघोळ चालता चालता काय?” असे पाच-सहा रविवार गेले. वाडीतल्या आणखी दोन पोटुश्या बायकांनीही रविवार धरला, त्यांचेही सासरे झऱ्यावर दिसू लागले. ते मुकाट पाणी भरत. मला मात्र मान होता ना, आणि तोच नडला.

एका रविवारी ओट्यावरून पुन्हा हाक आली, “गुरुजी, सून निजलीय आन सासरा पाण्याला, ह्यो कुठला न्याय?” मी हंडा सावरला आणि म्हणालो, “काय सांगू बाबांनो. आज रविवार पाळायला लावलाय, उद्या गळ्यात क्रूस घालायला लावतील.”

ओटा खदखदून हसला. पहिल्यांदाच कुणी मला न हसता माझ्या बोलण्याला हसलं. मास्तराच्या एखाद्या धड्याला टाळी पडली की तो धडा तो दरवर्षी शिकवतो. ते वाक्य मी त्या आठवड्यात पोलादपूरच्या चहाच्या टपरीवर म्हटलं, पतपेढीत म्हटलं, एसटीत कंडक्टरलाही ऐकवलं. दर वेळी हशा. त्यात एका बाईची आयुष्यभराची अब्रू जातेय, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. आलं असतं तरी मी म्हटलं नसतं, अशी खात्री आज देता येत नाही.

नर्सबाईंचा तिकडे वेगळाच हिशेब चालला होता. “बाळंतपण दवाखान्यातच,” त्या पहिल्यापासून बजावत. “पण तुमचा रस्ता हिची तारीख विचारून कोसळणार नाही.” आमच्या रस्त्यावर आषाढात दरड ठरलेली. म्हणून त्यांनी ठरवलं, की आषाढ लागताच सुनेला खाली आपल्या घरी न्यायचं. दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर. तरीही घरातली तयारी त्यांनी सोडली नाही. “मरियेवर गोठ्यात बाळंत व्हायची वेळ का आली? आधी खोली बघून ठेवली नव्हती म्हणून,” असं म्हणत त्यांनी आमचं घर पालथं घातलं आणि हवेशीर, उजेडाची म्हणून माझी खोली पसंत केली. तिथं माझी प्रशस्तिपत्रकं, बक्षिसाचा पेला आणि सत्काराच्या अकरा शाली.

“या कुणाच्या?”

“माझ्या. सत्काराच्या.”

“किती वेळा पांघरल्या?”

“एकदाही नाही.”

“उत्तम. धुऊन कडक उन्हात घाला. बाळाला होतील.”

आमच्या वाडीची जुनी सुईण, माझी चुलतवहिनी, जिला सगळी वाडी वहिनीच म्हणे, तिलाही त्यांनी बसवून शिकवलं. हात कसे धुवायचे, ब्लेड नवंच का, दोरा किती वेळ उकळायचा, आणि डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, हातापायांना सूज आली तर थांबायचं नाही, डोली करून खाली आणायचं. वहिनी म्हणाली, “इतकी पोरं काडली मी, आता शाळंत घालतीस काय गो?” पण शिकली.

ज्येष्ठात गावकी बसली. विषय नर्सबाई. ‘बाई आपल्या लेकीसुनांना बाटवते’ असं कुणीतरी मांडलं, आणि पुरावा म्हणून माझं वाक्य मलाच ऐकवलं. “लोक म्हणतात, आज रविवार, उद्या क्रूस.” लोक! मी मान खाली घातली. मग पाटील माझ्याकडे वळले. “गुरुजी, तुमी शिकलेले. तुमच्या घरात येती-जाती. तुमचं म्हणनं काय हाय?”

मला म्हणता आलं असतं, की हे वाक्य माझं आणि ते खोटं आहे. म्हणता आलं असतं, की माझ्या सुनेचं रक्त वाढलं, तिच्या गालांवर रंग आला, आणि बाईनं आमच्या घरातला एक देवही हलवला नाही. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “गावकी ठरवेल ते मला मान्य आहे.” हे वाक्य मी अतिशय शुद्ध उच्चारात म्हणालो.

नर्सबाईंनी वाडीत यायचं नाही, आणि त्यांच्या उंबऱ्याला वाडीतल्या कुणी पाय लावायचा नाही, असं ठरलं. म्हणजे सुनेचं खाली जाणंही संपलं. दुसरीकडे तजवीज करावी, तर माझी शिकलेली बुद्धी ‘बघू, बघू’ म्हणत बसली. आषाढात दरड आली, रस्ता बंद झाला, फोनची रेंज गेली आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी सुनेच्या कळा सुरू झाल्या. मी अंगणात पावसात उभा होतो. कुणी सांगितलं नव्हतं उभं राहायला. आत माझ्याच खोलीत माझ्या एका विनोदापायी दोन जीव टांगणीला लागले होते, आणि मला एकही देव आठवत नव्हता. शेवटी मी डोळे मिटून, नर्सबाईंच्या पद्धतीनं, मोठ्यानं म्हणालो, “जो कुणी असशील तो, ऐक.”

आतून वहिनीचा आवाज येत होता, “हात धुतलेत मी, दोनदा धुतलेत! कापडं कुठं हायत? डबा उघड गो!” तो डबा नर्सबाईंनी गावकीनंतर गुपचूप वहिनीच्या हाती वर पाठवलेला होता. नवं ब्लेड, दोरा, साबण, धुतलेली फडकी. दिवेलागणीच्या आधी मुलगी झाली. टणक, लालबुंद, नर्सबाईंच्या आवाजाची. वहिनी बाहेर येऊन म्हणाली, “पोरीच्या अंगात ताकद व्हती म्हणून निभावलं. त्या बाईनं चारलेलं कामाला आलं.” मग माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा हात धुवायला गेली.

बारशाला सगळी वाडी जमली. गावकीच्या वतीनं पाटलांनी मला शाल-श्रीफळ दिलं, ‘गुरुजींनी घर राखलं’ म्हणून. मी ते घेतलं. बारावी शाल.

पुढं महिन्याभरानं पोलादपूरच्या एसटी स्टँडवर छत्री दिसली. मी खांबाआड झालो, पण त्यांनी गाठलंच. माझा हात दोन्ही हातांत धरला. “गुरुजी, गावकीत तुम्ही एकटे माझ्या बाजूनं बोललात, असं कळलं. फार बरं वाटलं हो. माझंच चुकलं. मी प्रार्थना फार मोठ्यानं करते.” आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, “त्यात काय एवढं. कर्तव्यच होतं.”

घरी येऊन सुनेला विचारलं. ती पोरीला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, “मीच सांगितलं वहिनींकडून. तुमाला वाचवाया नाय बाबा. येवडं केलं त्यांनी आमच्यासाठी, त्यांना वाटाया नको का, कुणीतरी एक होतं म्हणून?”

त्यानंतर मी गावकीची नजर चुकवून चार वेळा त्यांच्या दारात गेलो. कबूल करायचं म्हणून. पहिल्यांदा त्यांनी माझा रक्तदाब तपासला आणि मीठ बंद केलं. दुसऱ्यांदा बाळाचं वजन विचारून त्या इतक्या खूष झाल्या की माझा धीर गेला. तिसऱ्यांदा मी सुरुवात केली, “बाई, गावकीत मी,” तर त्या डोळे पुसायला लागल्या, “राहू द्या, किती वेळा उपकारांची आठवण करून देता?” चौथ्यांदा दाराला कुलूप होतं, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

मग पत्र लिहायला घेतलं. पहिल्या खर्ड्यात होतं, ‘ते वाक्य मी बोललो.’ दुसऱ्यात झालं, ‘माझ्याकडून अनवधानानं काही बोललं गेलं.’ पाचव्या खर्ड्यापर्यंत ‘काही गैरसमज पसरले, याचा मला खेद वाटतो’ इथवर सुधारणा झाली. हस्ताक्षर सुंदर होतं. माझा गुन्हा त्या कागदावरून पार धुऊन निघाला होता. सहावा खर्डा पक्का करेपर्यंत निरोप आला की नर्सबाई गेल्या. भाचा येऊन त्यांना महाडच्या इस्पितळातूनच देशावर घेऊन गेला. माती तिकडे झाली. मी पोचलो तेव्हा खोलीच्या दारात फक्त घरमालकीण होती, फरशी धूत.

नात आता शाळेत जाते. परवा तिनं मला विचारलं, आबा, मी कुणाच्या हातून जन्मले? मी म्हटलं, वहिनीआजीच्या. म्हणजे अजूनही अर्धंच सांगितलं.

म्हणून हा सातवा खर्डा. यात हस्ताक्षराकडे लक्ष दिलेलं नाही.

बाई, ते वाक्य माझं होतं. आणि गावकीत तुमच्या बाजूनं कुणीच बोललं नव्हतं. मीही नाही. मला क्षमा…